इटालियन की फ्रेंच? रेड वाइन ताडून पाहणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्याच्या सदरासाठी आम्ही एकच विषय दिला होता : इटालियन आणि फ्रेंच रेड वाइन घरी शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या तर कशा. पत्रं पेडण्यापासून काणकोणपर्यंतची आली. बऱ्याच पत्रांचा शेवट एकाच प्रश्नावर होतो की दोन्हींत सरस कोणती. देशावरून ते ठरत नाही. इटलीची बारोलो आणि फ्रान्सची बोर्दो समोरासमोर ठेवली तर द्राक्ष वेगळं, माती वेगळी, पिंप वेगळं, वयही वेगळं. फरक तर लागणारच, पण तो कशामुळे लागला हे कळायला काही वाव राहत नाही. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या जमतील तितक्या सारख्या ठेवायच्या, म्हणजे फरकाचं कारण हाती लागतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका सूत्राला धरून आहेत.

आम्ही सहा जण मिळून चार बाटल्या घेणार आहोत, दोन इटालियन, दोन फ्रेंच. कोणत्या घ्याव्यात? (म्हापसा)

जोड्या लावून घ्या. सगळ्यात जास्त शिकवते ती एकाच द्राक्षाची जोडी. सार्डिनिया बेटावरचं कान्नोनाउ आणि दक्षिण फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं ग्रेनाश हे एकच द्राक्ष. कोत-द्यू-ऱ्होन घेताना मागचं लेबल वाचा, कारण त्यात ग्रेनाशबरोबर सिरा आणि मूर्वेद्र मिसळलेलं असतं; ग्रेनाशचं प्रमाण जास्त असलेली बाटली निवडा. सिरा आवडत असेल तर मध्य इटलीत टस्कनीतल्या कोर्तोनाची सिरा आणि उत्तर ऱ्होनमधली क्रोझ-एर्मिताज. पिनो न्वार हवं असेल तर आल्प्सच्या पायथ्याचं आल्तो आदिजे (तिथे त्याला पिनो नेरो म्हणतात) आणि पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीची साधी 'बूर्गोन्य'. खर्च करायची तयारी असेल तर टस्कनीच्या किनाऱ्यावरच्या बोल्गेरीची रेड आणि बोर्दोमधल्या मेदॉकची रेड ही जोडी लावा. दोन्हीकडे कॅबर्ने सोविन्याँ आणि मर्लो हीच द्राक्षं मुख्य. बोल्गेरीला ही फ्रेंच द्राक्षं रुजली आणि 1968 च्या हंगामापासून तिथली सासिकाया ही रेड बाजारात आली, तेव्हापासून ही तुलना जगभर चालू आहे. बोल्गेरीत ऊन जास्त, त्यामुळे फळ अधिक पिकलेलं आणि तोंडात मऊ लागतं. मेदॉकमध्ये तुरटपणा ताठ आणि चव थोडी हिरवट, करवंदाकडे झुकणारी.

दुसरी जोडी वेगळ्या द्राक्षांची, पण एकाच वळणाची घ्या. आमची पसंती वायव्य इटलीतलं लांगे नेब्बिओलो आणि बर्गंडीचं पिनो न्वार या जोडीला. दोन्हींचा रंग फिकट, दोन्हींना फुलांचा वास. नुसत्या वासावर जाणकारही चकतात. घोट घेतला की मात्र नेब्बिओलोचा तुरटपणा हिरड्या पकडतो आणि पिनो अलगद खाली उतरते. रोजच्या पिण्याच्या वाइन ताडायच्या असतील तर इटलीची बार्बेरा दास्ती आणि फ्रान्सची बोझोले-व्हिलाज घ्या. दोन्हींत तुरटपणा कमी, पण बार्बेराचा रंग गडद आणि आंबटपणा धारदार. बोझोलेत अख्खे घड तसेच टाकीत भरून आंबवण्याची पद्धत आहे, म्हणून तिला कधीकधी पिकल्या केळ्यासारखा वास येतो.

सहा जणांसाठी आम्ही कान्नोनाउ-ग्रेनाश आणि नेब्बिओलो-पिनो या दोन जोड्या सुचवू. जोडीतल्या दोन बाटल्यांच्या किमतीत पाचव्या हिश्शाहून जास्त फरक नसावा, हंगामाच्या सालात दोनहून जास्त वर्षांचं अंतर नसावं आणि अल्कोहोलमध्ये शक्यतो अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावं. हे तिन्ही आकडे दुकानात उभ्या उभ्या पाहता येतात. आयात वाइनवर कर जड असल्याने स्वस्त बाटलीच्या किमतीत वाइनचा वाटा फारच थोडा उरतो. म्हणून चार हलक्या बाटल्यांपेक्षा एक नीट जोडी बरी.

एक गोष्ट मात्र टाळा. बारोलो विकायला काढण्याआधी किमान 38 महिने ठेवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडात. साधी बोर्दो त्याच्या कितीतरी आधी दुकानात येते. या दोघी समोरासमोर ठेवून 'इटालियन जास्त गंभीर' असा निष्कर्ष काढणं बोर्दोवर अन्याय आहे.

रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला द्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्याकडे शिमग्यानंतर खोलीत 30-32 अंश असतं. काय करावं? (पणजी)

ती सूचना युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी आहे. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. गोव्यात ती शब्दशः पाळली तर दोन्ही देशांच्या वाइन सारख्याच वाईट लागतील, कारण 25 अंशांच्या वर अल्कोहोल नाकात झोंबतं, फळाचा वास शिजल्यासारखा येतो आणि आंबटपणा सैल पडतो. उलट 10-12 अंशांवर तुरट रेड दिली तर तुरटपणा टोकाचा वाढतो आणि वास दबतो. म्हणजे आपल्याकडे जी वाइन 'पचपचीत' किंवा 'जहाल' म्हणून नाकारली जाते, तिच्यात बहुतेकदा दोष काहीच नसतो. ती फक्त गरम असते.

बारोलो, ब्रुनेल्लो, मेदॉक, शातोनफ-द्यू-पाप अशा भारदस्त वाइन 16 ते 18 अंशांवर. किआन्ती, बर्गंडी, कोत-द्यू-ऱ्होन 14 ते 16 वर. बोझोले, बार्दोलिनो, दोल्चेत्तो 12 ते 14 वर. मात्र जोडी ताडताना दोन्ही पेले एकाच तापमानावर हवेत, मग भले एकीला ते एखादा अंश कमी-जास्त पडो.

30 अंशांची बाटली फ्रिजच्या मुख्य कप्प्यात ठेवली तर 17 पर्यंत उतरायला साधारण दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत अर्धं पाणी अर्धा बर्फ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात खोचली तर वेळ जास्त लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला सगळीकडे टेकत नाहीत, मध्ये हवा राहते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर असेल तर पहिल्या ओतलेल्या पेल्यात बुडवून बघा, अंदाजाने चालू नका. वाढताना ठरलेल्या तापमानाच्या दोन अंश खालीच वाढा, कारण पेल्यातली 50 मिली वाइन उकाड्यात भराभर तापते. बाटल्या मधल्या वेळेत ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्याखाली ठेवल्या तरी बराच फरक पडतो.

पेले कसले, किती ओतायचं, आधी कोणती? (साखळी)

सगळे पेले एकाच आकाराचे हवेत, ही अट मोडू नका. बोर्दोसाठी उंच पेला आणि बर्गंडीसाठी फुगीर पेला हे जेवणाच्या टेबलावर ठीक आहे. तुलनेत मात्र पेल्याचा आकारच वास बदलतो आणि तुम्ही पेल्यांची तुलना करत बसता. वर निमुळता होत जाणारा, 215 मिलीचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाखपेला मिळाला तर उत्तम. नाहीतर दांड्याचा कोणताही एकसारखा साधा पेला चालेल. माणशी चार पेले नसतील तर दोन-दोन द्या आणि एका वेळी एकच जोडी चाखा.

पेले आधी रिकामे हुंगा. पावसाळ्यात बंद कपाटात पालथे ठेवलेले पेले कुबट वास धरतात, आणि तो वास बुरशी लागलेल्या बुचाच्या दोषासारखाच येतो. गरम पाण्याने धुवा, सुगंधी साबण नको, फडक्याने पुसण्याऐवजी हवेवर वाळू द्या. मग पहिल्या पेल्यात चमचाभर वाइन घेऊन फिरवा, तीच दुसऱ्यात, तिसऱ्यात अशी नेत खंगाळा आणि टाकून द्या.

प्रत्येक पेल्यात 50 मिली. सहा जणांना एका बाटलीतून 300 मिली जातात, 450 मिली जेवणासाठी उरतात. पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग पाहा, न हलवता एकदा हुंगा, मग दोन-तीनदा गोल फिरवून पुन्हा हुंगा. घोट 10 मिलीचा घ्या, आठ-दहा सेकंद तोंडभर फिरवा, थोडी हवा आत ओढा, थुंकून टाका. थुंकायला प्रत्येकाला एक उंच पेला द्या. हा संकोचाचा भाग नाही, कामाचा आहे : 14 टक्क्यांची 200 मिली वाइन पोटात गेली तर शेवटच्या दोन पेल्यांबद्दलचं मत भरवशाचं राहत नाही. आणि घरी गाडी चालवत जायचं असेल तर कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. एवढ्या वाइनने अनेकांची ती ओलांडली जाते. गोव्यात दारूसाठी वयाची अट 21 आहे, मंडळी जमवताना तेही ध्यानात असू द्या.

क्रम : कमी तुरट आधी, जास्त तुरट नंतर, जास्त अल्कोहोलची सगळ्यात शेवटी. तुरटपणा तोंडात साठत जातो, म्हणून नेब्बिओलोनंतर चाखलेली कोणतीही वाइन आहे त्याहून तुरट वाटते. जोडीतला पहिला पेलाही मनात एक माप ठरवून टाकतो. त्यावर उपाय म्हणजे निम्म्या मंडळींनी डावीकडून सुरुवात करावी, निम्म्यांनी उजवीकडून, आणि प्रत्येकाने दोन्ही पेल्यांकडे निदान दोनदा परत यावं. मधे पाणी आणि कोरडा उंडा (पाव). चीज शेवटपर्यंत टेबलावर आणू नका. त्यातली चरबी आणि प्रथिनं तुरटपणा झाकतात आणि सगळ्या रेड गोड वाटू लागतात. उदबत्ती, मोगऱ्याचे गजरे, डासांची कॉइल आणि शेजारच्या चुलीवर तळली जाणारी मासळी या चारही गोष्टी त्या दोन तासांपुरत्या लांब ठेवा. मत बोलण्याआधी लिहा. एकाने 'व्हॅनिला' म्हटलं की सगळ्यांना व्हॅनिला येऊ लागतो.

मला आंबट आणि तुरट यांतला फरकच कळत नाही. दोन्ही 'कडक' लागतात. (फोंडा)

काजूचं बोंडू चावल्यावर घशाला आणि जिभेला जी ओढ बसते, तो टॅनिनचा तुरटपणा. ती चव म्हणण्यापेक्षा स्पर्श आहे : टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा थर काढतं, आणि तोंड कोरडं, खरखरीत होतं. आंबटपणाने उलट होतं, लाळ सुटते.

आदल्या दिवशी सराव करा. एका पेल्यात 200 मिली पाण्यात चमचाभर लिंबाचा रस. दुसऱ्यात 200 मिली गरम पाण्यात काळ्या चहाच्या दोन पुड्या दहा मिनिटं ठेवून गार केलेला चहा, दूध-साखरेशिवाय. तिसऱ्यात दोन्ही निम्मे-निम्मे. आलटून पालटून घोट घ्या. घोट गिळल्यावर जिभेने वरच्या हिरड्यांवरून फिरून बघा : घसरते की अडखळते? अडखळली तर टॅनिन. मग मान खाली घालून बघा, गालांच्या आतून लाळ किती सुटते ते आंबटपणाचं माप.

हे जमलं की 'इटालियन रेड आंबट असते' या तक्रारीतला खरा भाग दिसतो. सांजोवेझे, नेब्बिओलो आणि बार्बेरा ही इटलीतली तीन मोठी द्राक्षं पिकतानाही आम्लता टिकवून ठेवतात. मर्लो आणि ग्रेनाश ती लवकर सोडतात. म्हणून किआन्तीनंतर मर्लो जास्त असलेली बोर्दो प्यायली की ती गोडसर वाटते, प्रत्यक्षात दोन्ही कोरड्याच, म्हणजे गोडी नसलेल्या. पण बर्गंडीची पिनो न्वारही आंबटच, आणि दक्षिण इटलीतल्या पुल्यामधली प्रिमितिव्हो मवाळ. द्राक्ष आणि हवामान यांनी हे ठरतं.

आपल्याकडच्या गोड पोर्ट वाइनची सवय असेल तर मात्र कुठलीही कोरडी रेड पहिल्यांदा कडूच लागणार. त्यांनी सुरुवात प्रिमितिव्हो किंवा दक्षिण ऱ्होनने करावी, बारोलोने नको.

महागडी बारोलो आणली, पण रंग इतका फिकट की पाणी घातल्यासारखा. कडेला विटकरी छटा. फसवणूक झाली का? (मडगाव)

नाही. बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची असते, आणि त्याच्या सालीत रंगद्रव्य कमी टिकाऊ जातीचं असतं, ते लवकर उडतं आणि पाच-सहा वर्षांत कडेला नारिंगी-विटकरी होतं. टॅनिन मात्र त्याच सालीत भरपूर. त्यामुळे ही फिकट दिसणारी वाइन तोंडात जवळपास सगळ्या गडद बोर्दोंपेक्षा तुरट लागते. सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि डांबर असा दुहेरी वास आला तर तुमची बाटली अगदी जातिवंत आहे. हाच रंग दोन वर्षांच्या मेदॉकला आला असता तर आम्हीही शंका घेतली असती.

तिला हवा द्या. तरुण बारोलो दोन तास आधी उघडून डिकँटरमध्ये, म्हणजे पसरट काचेच्या सुरईत, ओता. नुसतं बूच काढून ठेवण्याचा उपयोग नाही, मानेतल्या रुपयाएवढ्या पृष्ठभागातून हवा जात नाही. आपल्या हवेत डिकँटर दोन तासांत गरम होईल, म्हणून वाइन ओतून अर्ध्या मिनिटाने ती धुतलेल्या मूळ बाटलीत परत भरा आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा. जुन्या बर्गंडीला हा प्रयोग करू नका, तिचा वास नाजूक असतो आणि उडून जातो. दहा-पंधरा वर्षांच्या कोणत्याही रेडला आदला दिवसभर उभं ठेवायचं, म्हणजे गाळ तळाशी बसतो.

लेबलवरच्या 'रिसेर्वा', 'ग्राँ क्र्यू', 'क्लासिको' यांतलं कशाला महत्त्व द्यायचं? (डिचोली)

इटालियन 'रिसेर्वा'ला द्या. तो शब्द कायद्याने बांधलेला आहे : किआन्ती क्लासिको किमान 12 महिने ठेवावी लागते, रिसेर्वा 24, आणि 'ग्रान सेलेत्सिओने' 30. बारोलो रिसेर्वा 62 महिने. फ्रेंच लेबलवरचं 'रेझेर्व्ह' मात्र बहुधा उत्पादकाची मर्जी. 'व्हिएय व्हीन्य', म्हणजे जुन्या वेली, यालाही किती वर्षं ते फ्रान्समध्ये कायद्याने ठरलेलं नाही.

'क्लासिको' म्हणजे त्या भागाचा मूळ, जुना पट्टा. किआन्ती क्लासिकोवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं आणि तिच्यात सांजोवेझे किमान 80 टक्के असावंच लागतं. नुसती 'किआन्ती' ही आजूबाजूच्या कितीतरी मोठ्या प्रदेशातून येते. दोन्हींच्या किमतीत फरक आहे तो यामुळे, आणि तो फरक बहुतेक वेळा योग्य असतो.

'ग्राँ क्र्यू' सर्वांत जास्त गोंधळ घालतं. बर्गंडीत तो दर्जा जमिनीच्या तुकड्याला आहे, आणि असे तुकडे अगदी थोडे. मेदॉकमध्ये 1855 ची प्रतवारी जमिनीची नसून शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या घराण्यांची, आहे; पहिल्या श्रेणीत तिच्यात नंतर एकच मोठा बदल झाला, 1973 साली मूताँ रोथशिल्ड दुसऱ्यातून पहिल्या श्रेणीत आलं. बोर्दोतल्याच सेंत-एमिलियाँमध्ये नुसतं 'ग्राँ क्र्यू' लिहिलेलं असेल तर ते बऱ्याच मोठ्या गटाचं नाव आहे. त्यापुढे 'क्लासे' असेल तेव्हाच ती निवडलेल्यांतली. 'ग्राँ व्हँ द बोर्दो' यावरून दर्जा काहीच कळत नाही.

दुकानात आणखी एक अडखळण असते. 'मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो' यात मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव. 'व्हीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो' यात ते टस्कनीतल्या गावाचं नाव, आणि त्या वाइनमध्ये द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे. जोडी लावताना एकीऐवजी दुसरी आणली तर तुलना पहिल्या पायरीलाच फसते.

लाकडाचा उल्लेख मागच्या लेबलवर असेल तर तोही वाचा. बोर्दोचं पिंप 225 लिटरचं. पिएमोंतेतले (बारोलोच्या प्रदेशातले) परंपरेचे 'बोत्ती' कित्येक हजार लिटरचे. पिंप लहान आणि नवं तेवढा लाकडाचा वास जास्त : व्हॅनिला, लवंग, भाजलेलं खोबरं. आधुनिक पद्धतीची बारोलो लहान पिंपात मुरवलेली असते, आणि शेजारी बोर्दो ठेवली तर दोघींत ते लाकूडच आधी बोलतं. देशांची तुलना करायची असेल तर मोठ्या पिंपातली निवडा.

उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. दुकानदार म्हणतो, 'फ्रेंच वाइन अशीच असते.' (वास्को)

अशी नसते. ओला पुठ्ठा, दमट तळघर, पावसाळ्यातली जुनी वही असा वास आणि त्याखाली फळाचा वास अजिबात नाही, हे बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचं लक्षण. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंच ते पुरतं. ठेवल्याने वास जात नाही, उलट वीस मिनिटांत जास्त जाणवतो. बाटलीत वाइन जवळपास भरलेली असतानाच बूच लावून पावतीसकट परत न्या. कोणत्याही देशाच्या बुचाला हे होऊ शकतं.

गोव्यात याहून जास्त सापडतो तो उष्णतेने बिघडलेल्या बाटल्यांचा प्रकार. खुणा बाहेरूनच दिसतात : बूच मानेच्या कडेवर किंचित वर आलेलं, वरचं आवरण बोटाने फिरवलं तर न फिरणारं, आतून चिकट ओघळ. चव शिजवलेल्या जांभळासारखी, शेवट एकदम आखूड. उन्हात उभ्या टेम्पोत किंवा काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली काही आठवडे गेले तरी हे होतं. म्हणून शोकेसमधली बाटली घेऊ नका, आतल्या आडव्या ठेवलेल्यांतली मागा. घरी फ्रिजवर, चुलीजवळ, गाडीत नको. सगळ्यात खालच्या कप्प्यात, अंधारात, आडवी. आणि एप्रिल-मेमध्ये महिन्याभरासाठी फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवायला मुळीच कचरू नका, गरम कपाटापेक्षा ते कितीतरी बरं.

सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका. हवा न मिळाल्याने तो येतो, जोरात फिरवलं की पंधरा मिनिटांत बहुधा जातो. तबेल्यासारखा, चामड्यासारखा वास ब्रेटानोमायसेस नावाच्या यीस्टमुळे. दक्षिण ऱ्होनच्या आणि जुन्या धाटणीच्या इटालियन वाइनमध्ये तो थोडासा असतो आणि काहींना आवडतो. आमच्या मते फळाचा वास झाकला गेला की तो दोषच.

लेबल झाकून चाखलं तर खरंच ओळखता येतं का? आमच्या गटात यावरून भांडण आहे. (केपे)

भांडण मिटवायला तीन पेल्यांची चाचणी आहे. दोन पेल्यांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कुठला ते सांगायचं. आवडनिवड, देश, द्राक्ष काही विचारायचं नाही. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. अशा सहा फेऱ्या करा, तीनदा पहिली वाइन दुहेरी, तीनदा दुसरी. प्रत्येक पेल्यात 20 मिली धरलं तर एका चाखणाऱ्याला प्रत्येक बाटलीतले 180 मिली लागतात. सहांपैकी चार बरोबर आले तर फुशारकी नको, चार किंवा जास्त निव्वळ नशिबानेही दहात एकदा येतात. पाच किंवा सहा नशिबाने येण्याची शक्यता हजारात सुमारे अठरा. तिथे खरंच फरक कळतोय असं मानायला हरकत नाही.

बाटल्या खाकी कागदी पिशव्यांत मानेपर्यंत गुंडाळा, आवरण पूर्ण काढा आणि बुचं लपवा. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात आणि बर्गंडीची उतरती, हे पिशवीतूनही कळतं. म्हणून दुसऱ्या खोलीत ओतून पेलेच आणा. रंगावरून ओळख पटत असेल तर दिवा मंद करा. ओतणारा आणि चाखणारा वेगळा असावा.

एखाद्याला सिरातला काळ्या मिरीचा वास येतच नसेल तर त्याला नवशिका ठरवू नका. तो वास रोटुंडोन नावाच्या रसायनाचा, मिरीतही तेच असतं, आणि दर पाचांतल्या साधारण एकाला तो जाणवत नाही.

उरलेली वाइन जेवणाबरोबर घ्यायची आहे. शागोती, चोरीस-पाव, बांगड्याचं हुमण यांबरोबर काय जमेल? (पेडणे)

चाखणं संपल्यावरच जेवण, आणि त्या दिवशी दुपारच्या हुमणात तिरफळ नको. ते जीभ बधिर करतं आणि अंदाज चुकतो.

तिखटाबरोबर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही जाळ वाढवतात. म्हणून शागोतीला बारोलो, तरुण मेदॉक आणि 14.5 टक्क्यांच्या वरची इटलीची आमारोने या तिघी बाद. बार्बेरा किंवा बोझोले 13 अंशांवर द्या, नारळाच्या वाटणाला बार्बेराचा आंबटपणा छान कापतो. चोरीसमध्ये व्हिनेगर असतं, आणि आंबट पदार्थापुढे मवाळ वाइन सपक होते. तिथे किआन्ती क्लासिको. कमी तिखट असेल तर कोत-द्यू-ऱ्होनही. शाकाहारी पानात खतखत्याबरोबर दोल्चेत्तो घेऊन पाहा.

हुमणाबरोबर रेड नकोच. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात धातूसारखी, उग्र मासळी चव येते. फारच आग्रह असेल तर गार बार्दोलिनो आणि तळलेला इसवण, रश्श्याशिवाय. सोलकढीबरोबर मात्र काहीच घेऊ नका. तिच्या आंबटपणापुढे दोन्ही देशांच्या वाइन पाणचट होतात.

अर्धी बाटली उरली तर किती दिवस टिकेल? (काणकोण)

ओट्यावर आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच ढासळते. फ्रिजमध्ये घट्ट बूच लावून उभी ठेवली तर दोन-तीन दिवस. नेब्बिओलो आणि तरुण मेदॉक कधी दुसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात, पिनो न्वार आणि जुन्या वाइन लवकर मरतात. याहून खात्रीचा उपाय : 375 मिलीची रिकामी बाटली उकळत्या पाण्याने धुऊन, पूर्ण निथळून ठेवा. मोठी बाटली उघडल्या उघडल्या, कोणीही चाखण्याआधी, ही छोटी बाटली गळ्यापर्यंत भरा, हवा राहू न देता बूच लावा आणि फ्रिजमध्ये टाका. अशी आठवडाभर सहज टिकते. जोडीतल्या दोन्ही वाइन अशा भरून, त्यावर तारीख लिहून ठेवल्या तर पुढच्या रविवारी तीच तुलना पुन्हा करता येते. फक्त फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढायला विसरू नका.